चावी कुणाची, कुलूप कुणाचं?

‘तुझ्या वाक्यात मराठी शोधावी लागते रे!’ आज्जीनं परवा झापलं. माझा गुन्हा? फोनवर मित्राला म्हणालो, ‘सॅलरी क्रेडिट झाली की पार्टी!’

‘पगार म्हण की सरळ.’

आता गंमत बघा. ‘पगार’ आला पोर्तुगीजमधून! तिकडे ते क्रियापद, म्हणजे पैसे देणं. आपण त्याचं नाम केलं आणि १ तारखेची वाट बघायला लागलो. आज्जीच्या कमरेची चावीही पोर्तुगीज, आणि ती ज्यात फिरते ते कुलूप अरबी ‘कुफ्ल’चं. बटाटा तर अस्सल ग्लोबट्रॉटर. कॅरिबियन बेटांवर हे रताळ्याचं नाव होतं. युरोपात ते दुसऱ्याच कंदाला चिकटलं आणि जहाजातून आपल्या वड्यात आलं. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी अर्ज, वकील, हजर कुठे हलले?

हा सगळा फंडा मी आज्जीला ऐकवला. वाटलं, जिंकलो.

‘ते ठाऊक आहे मला,’ ती शांतपणे म्हणाली. ‘पण पगार घरचा झाला. पगारी रजा, पगारातून, पगाराला. फाइलसुद्धा झाली, फायली म्हणतोसच की. तुझ्या त्या वाक्यात मात्र ‘झाली की’ एवढंच आपलं. उद्या तेही जाईल.’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाहीये.

१ तारखेला तिला मुद्दाम फोन केला. ‘आज्जी, पगार झाला!’

‘वा! मग पार्टी कधी?’