राधानगरीत फेकलेलं पाकीट समुद्राच्या तळाशी कसं जातं?

ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

मी राधानगरीचा, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. मागे मित्रांसोबत मालवणला स्नॉर्केलिंगला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घातलं. रंगीत मासे दिसले, प्रवाळ दिसलं आणि प्रवाळाच्या खाचेत अडकलेलं चिप्सचं पाकीटही दिसलं. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेली ही जागा. मित्र म्हणाला, "इथल्याच टुरिस्टचं असणार." असेलही. पण माझ्या डोक्यात किडा वळवळला: आमच्या गावातलं पाकीट इथवर येऊ शकतं का?

येऊ शकतं. फक्त ते कुठे टाकलं, त्यावर सगळं आहे.

मॅप उघडा. राधानगरीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या आसपास. पण आपली भोगावती जाते उलटी, पूर्वेला. पुढे पंचगंगा, नरसोबाच्या वाडीला कृष्णा, मग कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि शेवटी बंगालचा उपसागर. हजार किलोमीटरहून जास्त प्रवास! वाटेत आधी आपले कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. बरगे घातलेले असतात तोवर कचरा तिथे तटून राहतो. पावसाळ्याआधी बरगे काढले की पहिल्या लोंढ्यात सगळा एकदम सुटतो. पुढे अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी मोठी धरणं. त्यामुळे या वाटेवरचा बराच कचरा समुद्राआधीच अडकतो.

दुसरी वाट मात्र शॉर्टकट आहे. दाजीपूर ओलांडून फोंडा घाटात चहा-भजीला थांबलात आणि पाकीट दरीत भिरकावलंत, तर तिथला ओहोळ पश्चिमेला उतरतो. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. एका पावसाळ्यात ते पाकीट खाडीपर्यंत जाऊ शकतं.

आता ते तळाला का जातं? साधं गणित. समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १,०२५ ग्रॅम भरतं. बाटलीचं पेट प्लास्टिक तेवढ्याच आकारमानाचं घेतलं तर १,३८० ग्रॅमच्या आसपास, जाळ्यांचं नायलॉन १,१४०. म्हणजे बाटलीतली हवा गेली की बाटली बुडणार, जाळं तर बुडणारच. कॅरीबॅग आणि बाटलीचं झाकण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगतं. पण त्यावर शेवाळ आणि चिकटून राहणारे बारीक जीव वाढतात, वजन वाढतं आणि तेही खाली जातं. १९९८ मध्ये जपानच्या मानवरहित पाणबुडीला मारियाना ट्रेंचमध्ये १०,८९८ मीटर खोलीवर प्लास्टिकची पिशवी दिसली होती. म्हणजे किनारा झाडून स्वच्छ दिसला, तरी काम संपलेलं नसतं.

खाली राहतं कोण? कुर्ल्या, शेवंड, लेप, म्हणजे आपण मालवणला जाऊन आवडीने खातो तेच. पिशवी चिखलावर पसरली की खालच्या जिवांना ऑक्सिजन मिळेनासा होतो. प्रवाळाचं तर आणखी वाईट. २०१८ मध्ये आशिया-पॅसिफिक भागातल्या १५९ प्रवाळभित्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्लास्टिक अडकलं की प्रवाळाला रोग होण्याची शक्यता ४ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर जाते, असं त्यात दिसलं. तुटून हरवलेल्या जाळ्यांना घोस्ट नेट म्हणतात. त्यात मासा अडकतो, मरतो, त्याला खायला दुसरा येतो, तोही अडकतो. सुताची जाळी कुजायची, नायलॉन कुजत नाही. जाळं चालवणारा कोणी नाही, तरी मासेमारी सुरूच!

मग उपाय? केरळमध्ये कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात २०१७ पासून ट्रॉलरवाले जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत समुद्रात न टाकता किनाऱ्यावर आणू लागले. त्याचा चुरा करून रस्त्याच्या कामात वापरला. चांगलंच आहे. पण प्रवाळावरून ट्रॉल फिरवता येत नाही. तिथे पाणबुड्याने खाली जाऊन एकेक तुकडा हाताने सोडवायचा.

कोड लिहिणाऱ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असते: बग जितका लवकर पकडाल, तितका स्वस्तात सुटतो. आपल्याकडे ती जागा म्हणजे बंधारा आणि घाट. मे महिन्याच्या शेवटी राधानगरीत काजवे बघायला गर्दी होते, त्याच सुमारास बरगे काढायचे दिवस येतात. त्याआधी दहा-बारा पोरांनी एक सकाळ काढली आणि बंधाऱ्याला तटलेला कचरा पोत्यात भरला, तर पाणबुड्याची गरजच पडणार नाही. पोती, हातमोजे आणि ग्रामपंचायतीला आधी एक फोन, एवढंच लागतं. आणि घाटात थांबलात तर पाकीट गाडीतच ठेवा.

तुमच्या गावचं पाणी कुठल्या समुद्राला जातं? मॅपवर शोधा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!