बोथट चकती आणि काळा कातळ

मुंबईत टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारे टनेल बोअरिंग मशीन, जमिनीखाली उतरले की बातमीत त्याचे वजन येते, लांबी येते आणि त्याला दिलेले नदीचे नाव येते. मेट्रो ३ साठी अशी १७ यंत्रे कामाला होती. गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तापी, वैनगंगा ही त्यांतली काही नावे. मरोळच्या पाली मैदानातून निघालेल्या गोदावरीने सुमारे सव्वा किलोमीटर कातळ पोखरून २४ सप्टेंबर २०१८ रोजी विमानतळाच्या टर्मिनल २ पाशी डोके बाहेर काढले, तो या मार्गिकेवरचा पहिला ब्रेकथ्रू. शेवटचा, ४२वा, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी झाला. अशा प्रत्येक वेळच्या छायाचित्रात धुळीतून बाहेर येणारे गोल कटरहेड, म्हणजे यंत्राचे फिरते तोंड, दिसते, त्यापुढे हात उंचावलेले कामगार दिसतात, आणि कटरहेडवर बसवलेल्या पोलादी चकत्याही दिसतात. त्यांच्याकडे मात्र कोणी निरखून पाहत नाही. एका चकतीचा व्यास बहुतेकदा १७ इंच, साधारण घरातल्या परातीएवढा. तिच्या कडेवरून बोट फिरवले तर कापणार नाही, इतकी ती बोथट असते. दगड फोडणाऱ्या यंत्राला ना दात, ना धार, याचे पाहणाऱ्याला नवल वाटायला हवे. माझ्या मते या यंत्राची खरी सुधारणा याच बोथटपणात आहे. इंजिनाची ताकद वाढली, आकार वाढला, संगणक आले, हे सगळे खरेच; पण दगडाशी कसे वागायचे हे कळले तेव्हाच टीबीएम कामाचे झाले, आणि ते कळायला शंभर वर्षे लागली.

या यंत्राचे पूर्वज दोन घराण्यांतले. एक घराणे ढालीचे. मार्क ब्रुनेलने लंडनला थेम्स नदीखालच्या बोगद्यासाठी १८२५ पासून जी लोखंडी चौकट वापरली, तिचे काम खणणे हे नव्हतेच. छत्तीस खणांत छत्तीस माणसे उभी राहून हातांनी माती काढत आणि चौकट त्यांच्या डोक्यावर नदी कोसळू देत नसे. तरीही पाणी शिरले, माणसे बुडाली, आणि बोगदा खुला व्हायला १८४३ साल उजाडले. दुसरे घराणे कातळ फोडणाऱ्यांचे. आल्प्स पर्वतासाठी हेन्री मॉस याने १८४० च्या दशकात शंभराहून अधिक छिन्न्या एकदम आपटणारे यंत्र रचले. ते डोंगरापर्यंत पोचलेच नाही. अमेरिकेत चार्ल्स विल्सनचे यंत्र १८५३ मध्ये हूसॅक डोंगराला भिडले आणि जेमतेम १० फुटांवर थकले. ब्यूमाँट आणि इंग्लिश या दोन ब्रिटिश लष्करी अभियंत्यांच्या कल्पनेतून आलेल्या यंत्राने १८८० नंतर इंग्लिश खाडीखाली दोन्ही किनाऱ्यांकडून दीड दीड किलोमीटरहून अधिक बोगदा सुबक गोल कोरला, पण तो खडूसारख्या मऊ चुनखडीतला. ते काम राजकारणाने थांबवले. मात्र त्या यंत्राला अंधेरीचा कातळ दिला असता, तर राजकारणाची गरज पडली नसती.

खरे वळण आले ते १९५० च्या दशकात, आणि ते एका नाइलाजातून. जेम्स रॉबिन्स हा अमेरिकी खाण अभियंता. साऊथ डाकोटातल्या ओआहे धरणासाठी १९५२-५३ च्या सुमारास त्याने सुमारे आठ मीटर व्यासाचे यंत्र बनवले. त्याच्या तोंडावर दोन प्रकारची हत्यारे होती: दगड खरवडणारे टोकदार दात, आणि त्यांच्या अधेमधे घरंगळणाऱ्या चकत्या. दातांनी रेघ ओढायची आणि चकत्यांनी मधला भाग उडवायचा, असा बेत. तिथला शेल खडक मऊ होता, म्हणून बेत जमला. मग १९५६ मध्ये टोरांटोच्या सांडपाण्याच्या बोगद्यात तशाच जोडीचे लहान यंत्र वालुकाश्म आणि चुनखडीला भिडले आणि दात मोडू लागले. मोडले की बदलायचे, पुन्हा मोडायचे. कंत्राटदाराचा वेळ त्यातच जाई. शेवटी काही दात नुसतेच काढून टाकले, परत बसवले नाहीत. यंत्र तरीही पहिल्यासारखेच पुढे जात राहिले. आणखी काढले. शेवटी सगळे दात गेले, फक्त चकत्या उरल्या, आणि वेगात काही उणे पडले नाही. ज्या हत्याराला प्रमुख मानले होते ते फुकटचे ओझे ठरले आणि मदतनीस म्हणून ठेवलेली चकतीच खरी काम करणारी निघाली. रॉबिन्स पुढे दोनच वर्षांत विमान अपघातात गेला. मुलाने कारखाना चालवला. पण आज जगात कठीण खडकात चालणारे जवळजवळ प्रत्येक टीबीएम टोरांटोतल्या त्या काढून टाकलेल्या दातांचे ऋणी आहे.

चकती हे कसे साधते, ते समजायला उपनगरातच उत्तम धडा आहे. बोरिवलीच्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, अंधेरीला महाकालीची, जोगेश्वरीला जोगेश्वरीची. ती छिन्नी-हातोड्याने कोरली. पुढच्या काळात कांदिवली, मालाड, चांदिवलीच्या खाणींत दगड फोडणाऱ्या हातांना, विशेषतः पिढ्यानपिढ्या हाच धंदा केलेल्या वडार समाजाला, एक गोष्ट अंगवळणी पडली होती: दगड दाबून चुरडायला जाल तर मराल, त्याला ताणून फोडा. दगडाची शीर पाहून एका रेषेत भोके पाडायची, त्यांत पाचरी ठोकायच्या, आणि एक एक पाचर पाळीपाळीने थोडी थोडी आत सारायची. मग एका क्षणी सबंध शिळा सरळ उकलते. दगड दाब जितका सोसतो, त्याच्या ढोबळमानाने दहाव्या हिश्शाएवढाच ताण सोसतो, त्याचा हा फायदा. चकती नेमके हेच करते. एका चकतीवर २५ टनांच्या आसपास भार देता येतो. चाळीस चकत्या धरल्या तर हजार टन. कटरहेड फिरते तशी प्रत्येक चकती आपल्या ठरलेल्या वर्तुळात घरंगळते आणि तिच्या खालची अरुंद पट्टी चिरडते. त्या चिरडलेल्या पिठाचा दाब बाजूला पसरतो, तडे आडवे धावतात, आणि शेजारच्या आठ-दहा सेंटिमीटरवरच्या चकतीचे तडे त्यांना भेटले की मधला दगड ढलपीसारखा सुटून खाली पडतो. म्हणजे चकती जेवढ्या दगडाला शिवते, त्याच्या कितीतरी पट दगड तिला न शिवताच निघतो. टोकदार दात मात्र दगडाच्या प्रत्येक कणाशी भांडत होता, आणि भांडणात तोच झिजत होता.

यावर जाणकार एक सबळ आक्षेप घेतील. चकतीची कल्पना काही रॉबिन्सची नव्हे. विल्सनच्या १८५६ च्या पेटंटातही चकत्या आहेत. मग शंभर वर्षे अडली कुठे? पोलादात आणि बेअरिंगमध्ये. विल्सनकडे वीस-पंचवीस टन पेलणारे बेअरिंग नव्हते, दगडावर घासून न तडकणारे पोलाद नव्हते. तेव्हा सुधारणेचे श्रेय दगड समजून घेण्याला देण्यापेक्षा धातुशास्त्राला द्यावे, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे, पण तो पुरा पडत नाही. टोरांटोच्या यंत्राकडेही आजचे पोलाद नव्हते. त्याच्या चकत्या जेमतेम ११-१२ इंचांच्या होत्या आणि त्या आजच्या मानाने फार कमी भार सोसत. तरीही त्या यंत्राने बोगदा पुरा केला, कारण त्याच्या तोंडावर चुकीचे हत्यार उरले नव्हते. शिवाय नंतरच्या सुधारणा पाहा. सुरुवातीच्या चकतीची कड इंग्रजी व्ही अक्षरासारखी टोकदार असे. नवी असताना ती झकास चाले, पण झिजू लागली की टोक जाऊन कड रुंद होई, तेवढाच भार जास्त जागेवर विभागला जाई आणि यंत्राची गती दिवसेंदिवस मंदावे. मग कडेचा आकारच बदलला: जेमतेम दोन सेंटिमीटर रुंदीची, सरळ बाजूंची, आरंभापासूनच बोथट कड. ती कितीही झिजली तरी रुंदी तीच राहते, त्यामुळे महिनाभर वापरलेली चकतीही पहिल्या दिवसासारखी काम देते. धातू चांगला झाला, हे आहेच. पण झीज होणारच असे धरून चालून तिच्यासाठी आकार निवडणे, हा विचाराचा भाग आहे. दुसरी सुधारणा तर निव्वळ माणुसकीची म्हणावी लागेल. पूर्वी चकती बदलायची तर कामगाराला कटरहेड आणि कातळ यांच्यामधल्या फटीत, उघड्या दगडाखाली जावे लागे. आता चकत्या मागून, यंत्राच्या आतल्या बाजूने काढता-घालता येतात. शंभर किलोहून कितीतरी जड असलेला तो लोखंडी गोळा साखळीने ओढून घ्यायचा, नवा सरकवायचा, पाचरीने घट्ट आवळायचा. कष्ट आहेतच, पण डोक्यावर सैल दगड नाही.

मुंबईच्या उपनगरात या सगळ्याची कसोटी लागते, कारण इथला खडक एकजात नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून हा प्रदेश घडला, एवढे आपण शाळेत शिकतो आणि सगळीकडे काळा बेसॉल्टच असेल असे धरून चालतो. अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा: ६१ मीटर उंचीचे, उभ्या खांबांसारखे तडकलेले बेसॉल्ट. कान्हेरीला गेले तर दगडधोंडे राखेत थापल्यासारखा ब्रेशिया. मालाडचा पिवळसर दगड तर वेगळाच. त्याने आणि कुर्ल्याच्या दगडाने ब्रिटिश काळातल्या अनेक इमारती सजल्या. काही थरांत शेल लागतो, वरच्या अंगाला मुरूम आणि चिकणमाती. म्हणजे पाच-सहा किलोमीटरच्या वाटेत यंत्राला लोखंडासारखा कठीण आणि भाकरीसारखा भुसभुशीत असे दोन्ही दगड भेटतात, कधी कधी एकाच वेळी: तोंडाच्या खालच्या अर्ध्यात बेसॉल्ट, वरच्या अर्ध्यात माती. अशा वेळी चकती घोटाळ्यात पडते. मातीत तिला फिरायला लागणारी घर्षणाची पकड मिळत नाही, चिखलाने तिचे फिरणे अडते, आणि ती न फिरता घासत गेली की एका बाजूने सपाट होते. सपाट झालेली चकती पुन्हा फिरत नाही, तिचा भार शेजारणीवर जातो, आणि एकीमागून एक निकामी होण्याची साखळी सुरू होते. म्हणून शहरातल्या यंत्रांत ढालीचे आणि चकतीचे अशी दोन्ही घराणी एकत्र नांदतात: मागे ब्रुनेलच्या ढालीचा वारसा सांगणारे पोलादी कवच, पुढे रॉबिन्सच्या चकत्या, आणि कवचाच्या पोटातच काँक्रीटचे सेगमेंट लावून बोगद्याचे कडे पुरे करण्याची सोय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. बोरघाटातले बोगदे १८५६ ते १८६३ दरम्यान हातानेच झाले. पहार, सुतकी आणि सुरुंगाची दारू एवढ्यावर. आजही सुरुंग स्वस्त पडतो, हवा तसा आकार देता येतो. मेट्रो ३ च्या काही स्थानकांसाठी आणि रूळ बदलायच्या जागांसाठी टीबीएम न वापरता खडक टप्प्याटप्प्याने फोडण्याची एनएटीएम पद्धतच वापरली, कारण चकत्यांचे यंत्र गोल नळीशिवाय दुसरे काही कोरू शकत नाही. ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पण बोरघाटात हजारो मजुरांनी पटकी, ताप आणि अपघातांत जीव दिले, तो खर्च त्या हिशेबात कुठे धरला आहे? आणि मरोळला घरांच्या, गल्ल्यांच्या, विमानतळाच्या खालून किलोमीटरभर सुरुंग लावत जाणे परवडले असते का? यंत्राचे कंपन वरच्या चाळीतल्या कपाटातली भांडी फारशी हलवत नाही. पाण्याच्या बोगद्यांचेही तेच. गुंदवलीपासून भांडुपपर्यंत जमिनीखाली सुमारे शंभर मीटर खोल गेलेला पंधरा किलोमीटरचा जलबोगदा टीबीएमनेच खोदला. मुलुंड-भांडुपकरांच्या पायाखालून शहराचे पाणी जाते आणि वर कोणाला पत्ता नसतो.

ही यंत्रे परदेशी बनावटीची, मग यात आपले काय, असेही विचारले जाते. आपले म्हणजे दगड. कोणती चकती किती दिवस टिकते, कोणत्या थरात भार कमी करायचा, कुठे वेग उतरवायचा, हे कारखान्यातून लिहून येत नाही; ते मरोळ, सहार, सीप्झखालच्या पाळ्यांत जमा झाले. बाहेरच्या वर्तुळातल्या चकत्या आधी झिजतात, कारण त्याच फेऱ्यात त्यांना जास्त वाट तुडवावी लागते. साडेसहा मीटरचे डोके मिनिटाला पाच फेरे घेत असेल तर कडेची चकती मिनिटाला शंभर मीटरहून जास्त धावते, मध्याजवळची त्याच्या थोड्या हिश्शाने. बदलायची पाळी कधी आली हे मोजमापाने ठरते, आणि ती वेळ हुकली तर बोगद्याचा व्यासच आवळतो.

ही शिदोरी आता मोठ्या कामाला लागते आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून दोन जोडबोगदे जायचे आहेत: गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा ४.७ किलोमीटरचा आणि ठाणे-बोरिवलीचा सव्वादहा किलोमीटरचा. दोन्हींचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. यांची यंत्रे तेरा मीटरहून अधिक व्यासाची. व्यास दुप्पट झाला की फोडायचा दगड चौपट होतो, आणि कडेच्या चकतीचा वेग तोच ठेवायचा तर फेरे निम्मे करावे लागतात. मेट्रोच्या बोगद्यात अडचण आली तर थोड्या अंतरावर स्थानकाचा खड्डा असतो, तिथे यंत्र काढून दुरुस्त करता येते. इथे डोक्यावर जंगल आहे. मधे कुठेही शाफ्ट खणता येणार नाही. बोरिवलीहून ठाण्यापर्यंत जितक्या चकत्या झिजतील, तितक्या सगळ्या आतूनच, एक एक करून, साखळीने ओढून बदलाव्या लागतील.