राहात्याची वेस आणि फौजदारीचे स्वप्न

विजयादशमी हा सीमोल्लंघनाचा दिवस. राहाता-शिर्डीच्या परिसरात त्याला आणखी एक अर्थ आहे. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, दसऱ्यालाच, साईबाबांनी देह ठेवला. शिर्डीत स्थिरावल्यावर या सत्पुरुषाची स्वतःची शीव इकडे राहाता आणि तिकडे निमगाव, जवळजवळ एवढीच होती. राहात्याला खुशालचंद शेठजींच्या भेटीस ते येत, गावकरी वाजतगाजत सामोरे जात. भेट आटोपली की बाबा माघारी वळत.

अशा पुरुषापाशी एक महत्त्वाकांक्षी पोलीस शिपाई येऊ लागला. अकोळनेरचे गणपत दत्तात्रेय सहस्रबुद्धे, पुढे दासगणू महाराज म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले. फौजदार होण्याचा त्यांना ध्यास होता. बाबांचे सांगणे, नोकरी सोड. गणूंची विनवणी, एकदा फौजदारी पदरात पडू द्या, मग सोडतो. या घासाघिशीत वर्षे गेली. बढतीच्या आशेने त्यांनी रामदासी वेष घेऊन कान्हा भिल्ल या दरोडेखोराचा माग काढला, तेव्हा प्रसंग प्राणावर बेतला, असे चरित्रकार सांगतात. जीव वाचला, ध्यास मात्र सुटला नाही.

आम्हांला ही घासाघीस फार ओळखीची वाटते. फौजदारीचे स्वप्न आजही गावोगावी आहे. केवळ पदाचे नाव पोलीस उपनिरीक्षक झाले. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्री जागवणारी मुले ‘आणखी एकच प्रयत्न’ म्हणतात, तेव्हा त्यांत गणूंचाच स्वर ऐकू येतो. कामाने माणूस आतून विझून जाण्याच्या या अवस्थेची दखल जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये रोगवर्गीकरणात घेतली. तो रोग नव्हे, तर नोकरीतल्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम, असे तिचे म्हणणे.

अखेर १९०३ मध्ये गणूंनी नोकरी सोडली. सोडून ते स्वस्थ बसले काय? मुळीच नाही. गावोगाव कीर्तने केली, संतचरित्रे लिहिली. ‘श्रीगजाननविजय’ हा ग्रंथ १९३९ मध्ये सिद्ध झाला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. कष्ट तेच, कदाचित अधिकच. पण त्यांवर कोणाच्या बढतीचा शिक्का उमटायचा नव्हता. एकदा ते अंगरखा, उपरणे, फेटा अशा थाटात कीर्तनास निघाले. नवरदेवासारखा नटून कुठे चाललास, असे बाबांनी विचारले आणि तो पोशाख उतरवायला लावला. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या घेऊन ते उभे राहू लागले.

ईशावास्योपनिषदावर मराठी टीका लिहिताना याच दासगणूंना एक शंका सुटेना. बाबा म्हणाले, पार्ल्याला काका दीक्षितांची मोलकरीण ती सोडवील. पंडितांनी हसावे असेच हे उत्तर! पार्ल्याला पहाटे त्यांनी गाणे ऐकले. फाटके नेसलेली एक पोर भांडी घासताना नारिंगी रंगाच्या साडीचे वर्णन रंगून गात होती. दासगणूंना तिची दया आली. त्यांच्या सांगण्यावरून मोरेश्वर प्रधानांनी तिला साडी दिली. दुसऱ्या दिवशी ती नेसून पोर फुगड्या खेळली. तिसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून, तेच फाटके नेसून ती पुन्हा भांड्यांपाशी आली. चेहऱ्यावरचा आनंद कालच्याइतकाच होता, आणि दासगणू तिच्याकडे पाहतच राहिले.