वीज गेली तरी हिशोब कसा वाचतो? – डेटाबेसची 'लॉग' फाईल

ऑनलाइन फी भरताना मध्येच वीज गेली, सर्व्हर बंद पडला, तर पैशांचं काय होतं? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर द्यायचं तर डेटाबेस बिघाडातून सावरण्यासाठी लागणारी माहिती कुठे ठेवतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

मूळ अडचण

डेटाबेस प्रत्येक बदल लगेच डिस्कवरच्या मुख्य फाईलमध्ये लिहीत नाही. डिस्कवरची माहिती तो 'पेज' नावाच्या तुकड्यांत मेमरीत आणतो, तिथे बदलतो आणि सवडीने परत लिहितो. मेमरी वेगवान असते खरी, पण वीज गेली की कोरी होते. म्हणून सावरण्यासाठीची माहिती मेमरीत ठेवून चालत नाही. ती डिस्कवर, एका वेगळ्या फाईलमध्ये जाते. या फाईलला लॉग म्हणतात.

जुन्या दुकानदारांची पद्धत आठवा. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत नोंद, मग सवडीने खतावणीत. लॉग म्हणजे रोजकीर्द आणि मुख्य फाईल म्हणजे खतावणी.

लॉगमध्ये काय लिहिलेलं असतं?

समजा 'अ' च्या खात्यात ५००० रुपये आहेत आणि 'ब' च्या खात्यात २०००. 'अ' कडून 'ब' ला १००० द्यायचे आहेत. लॉगमध्ये क्रमाने अशा नोंदी होतात:

१. व्यवहार क्र. ७ सुरू
२. व्यवहार ७: अ – जुनी किंमत ५०००, नवी ४०००
३. व्यवहार ७: ब – जुनी किंमत २०००, नवी ३०००
४. व्यवहार ७ पक्का, म्हणजे 'कमिट'

जुनी आणि नवी, दोन्ही किमती का? कारण बिघाड दोन प्रकारे अडचणीत आणतो.

*पहिली शक्यता:* चौथ्या नोंदीआधीच वीज गेली, पण 'अ' चे ४००० मुख्य फाईलमध्ये लिहून झाले होते. व्यवहार अर्धवट आहे. मग जुनी किंमत वापरून ५००० परत करायचे. याला 'अनडू' म्हणतात.

*दुसरी शक्यता:* 'कमिट' ची नोंद झाली, पण 'ब' चे ३००० मुख्य फाईलपर्यंत पोहोचलेच नाहीत. मग नवी किंमत वापरून ते लिहायचे. हे 'रीडू'.

दोन नियम

पहिला: बदललेलं पेज डिस्कवर जाण्याआधी त्याची लॉगमधली नोंद डिस्कवर गेलीच पाहिजे. दुसरा: 'कमिट' ची नोंद डिस्कवर पोहोचल्याशिवाय 'व्यवहार यशस्वी' असं सांगायचं नाही. या पद्धतीला 'राइट-अहेड लॉगिंग' म्हणतात. लॉग शेवटी-शेवटी जोडत जायचा असल्यामुळे तो विखुरलेल्या पेजपेक्षा पटकन लिहून होतो.

लॉग पहिल्यापासून वाचावा लागू नये म्हणून मधूनमधून 'चेकपॉइंट' घेतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तो साधारणपणे दर ५ मिनिटांनी होतो. बिघाडानंतर लॉग कसा वाचायचा याची 'एरीज' ही प्रसिद्ध पद्धत १९९२ साली आयबीएमचे सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. मोहन यांचं शिक्षण आयआयटी मद्रासचं. या पद्धतीत आधी लॉगची तपासणी, मग रीडू आणि शेवटी अर्धवट व्यवहारांचं अनडू होतं.

नावाने घातलेला घोळ

पोस्टग्रेएसक्यूएलच्या ज्या फोल्डरमध्ये हा लॉग असायचा, त्याच्या नावात पूर्वी 'लॉग' हा शब्द होता. डिस्क भरली की काही जण 'साध्या नोंदी दिसतायत' असं समजून त्या फाईली पुसून टाकत, आणि डेटाबेस सुरूच होत नसे! म्हणून २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत त्या फोल्डरचं नाव बदललं. मुलांना हे जरूर सांगा: माहीत नसलेली फाईल 'फालतू' समजून पुसू नये.

लॉग आणि बॅकअप एकच का?

नाही. वीज गेली तर डिस्कवरचा लॉग पुरतो. पण डिस्कच जळाली तर? तिच्यावरचा लॉगही गेला. म्हणून लॉगच्या प्रती दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या जागी ठेवतात. काल रात्रीचा बॅकअप आणि त्यानंतरचा लॉग, दोन्ही हाताशी असले तर आज सकाळपर्यंतचा हिशोब परत उभा करता येतो. नुसता बॅकअप असेल तर मधले व्यवहार गेलेच म्हणायचे.

वर्गात करून पाहा

दोन मुलांना दोन वह्या द्या, एक रोजकीर्द आणि एक खतावणी. चार-पाच व्यवहार सांगा आणि मध्येच 'वीज गेली!' म्हणा. तिसऱ्या मुलाने फक्त वह्या पाहून हिशोब जुळवायचा. मग विचारा:

१. कोणता व्यवहार पुन्हा करायचा, कोणता मागे घ्यायचा? कशावरून?
२. रोजकीर्दीत जुनी किंमत लिहिलीच नसती तर काय अडलं असतं?
३. खतावणी आधी आणि रोजकीर्द नंतर लिहिली असती तर?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांना स्वतःच सापडलं, की पहिला नियम वेगळा पाठ करून घ्यावा लागत नाही.