लोखंडी दाराला कुलूप बसवताना

मैत्रिणींनो, घराच्या दारापुढे सळयांचं लोखंडी दार करून घेताना आपण नक्षी बघतो, रंग ठरवतो. कुलूप मात्र वेल्डिंगवाल्यावर सोपवतो. तो बिचारा हाताशी असेल ते जोडून मोकळा होतो!

कुलूप थेट दाराला वेल्ड करू देऊ नका. त्या उष्णतेने आतली स्प्रिंग नरम पडते आणि किल्ली अडू लागते. आधी पत्र्याची पेटी दाराला वेल्ड करून घ्यावी आणि ती गार झाल्यावर कुलूप आत स्क्रूने बसवावे. स्क्रू घराच्या बाजूने हवेत. पुढे कुलूप बिघडलं, तर तेवढंच बदलता येतं. हे सारं दार चौकटीत टांगल्यावरच. लोखंडी दार वजनाने खाली बसतं, म्हणून समोरच्या पट्टीतली खाच जरा उभट ठेवायला सांगा. नाहीतर रोज दार उचलून कुलूप लावायचा व्यायाम आपल्याच वाट्याला!

खरा विचार करायचा तो आतल्या बाजूचा. दोन्हीकडून किल्लीच लागणारं कुलूप फार सुरक्षित वाटतं. पण दुपारी घरात फक्त सासूबाई आणि लहान मूल असताना स्वयंपाकघरात काही पेटलं, तर किल्ली शोधत बसायचं का? आतून नुसती मूठ फिरवून उघडेल असंच कुलूप घ्यावे, आणि ती मूठ सासूबाईंच्या हाताला फिरते ना, हेही पाहावे. मग सळयांतून हात घालून कुणी बाहेरून उघडलं तर? भीती रास्तच आहे. त्यासाठी कुलपाभोवती सळयांवर भरीव पत्रा वेल्ड करून घ्या. केवढा? दार बंद करून, बाहेर उभं राहून स्वतः हात घालून बघा. बोटंच काय, वाकवलेली तारसुद्धा मुठीपर्यंत पोचता कामा नये.

वेल्डिंग चालू असताना मुलांना आत पाठवा. तो झगझगीत उजेड बघितला, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. जोडावरची मळी ठोकून काढली की रेड ऑक्साइडचा हात, मग रंग. किल्लीच्या भोकावर तेवढ्यापुरती चिकटपट्टी.

पावसाळ्यात त्या भोकावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणासारखा लावावा. खोबरेल मात्र घालू नका, त्याला धूळ चिकटते. मुलांच्या पेन्सिलीचं शिसं किसून ती पूड किल्लीला लावा आणि किल्ली चार-सहा वेळा फिरवा.