मोटारसायकलचा तेलकट मळ व त्याची निर्धोक सफाई

शेतकऱ्याच्या घरीं ज्या काळीं बैलगाडी हेंच एक वाहन होतें, त्या काळीं गाडीच्या आंसास वंगण घालण्याचें काम घरांतील पोरांसही अवगत असे. आतां पुष्कळ घरीं दारांत मोटारसायकल उभी असते. दुधाच्या किटल्या, खताचें पोतें, फवारणीचा पंप आणि प्रसंगीं घरांतील आजारी माणूस, हा सर्व भार ती वाहते. पाणंदीच्या धुळींत व चिखलांत फिरल्यामुळें तिच्या चेनवर, इंजिनावर व मागील चाकाच्या तुंब्यावर काळा, चिकट थर बसतो.

हा थर केवळ कुरूप दिसतो म्हणून काढावयाचा नसतो. ग्रीस म्हणजे तेलांत विशिष्ट साबण घोटून केलेलें घट्ट वंगण. त्यांत वाळूचे कण मिसळले म्हणजे तेंच वंगण सहाणेचें काम करूं लागतें आणि चेन व तिचीं दांतेरी चक्रें झिजवितें. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाच्या पट्ट्यांवर मळ साचला तर आंतील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. शिवाय तेलाची गळती कोठून होते, हें मळाखालीं झांकून राहतें. तेव्हां सफाई अवश्य आहे. परंतु ती ज्या रीतीनें सर्रास केली जाते, ती रीत जिवावर बेतणारी आहे.

ती रीत म्हणजे टाकीखालची नळी काढून वाटीभर पेट्रोल घ्यावयाचें, त्यांत फडकें बुडवावयाचें आणि घासावयाचें. पेट्रोलनें मळ चटकन् विरघळतो, ही गोष्ट खरी. किंबहुना पेट्रोलच्या जातीचा द्रव मोटारींच्या आधींपासून डाग काढण्यासाठीं विकला जात असे. १८८८ सालीं जर्मनींत बर्था बेंझ ही बाई पतीनें बनविलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हां वाटेंत वीसलोख गांवीं तिनें इंधन घेतलें तें औषधांच्या दुकानांतून. कारण सफाईचा द्रव म्हणून तो तेथें मिळत असे. परंतु जो द्रव इंजिनांत ठिणगीसरशी भडकतो, तो वाटींत ओतल्यानें सौम्य होत नाहीं.

प्रत्येक जळाऊ द्रवाचें एक ठराविक उष्णतामान असतें. तेथपासून वर त्याची इतकी वाफ सुटते कीं ठिणगी लागतांच ती पेटते. पेट्रोलच्या बाबतींत हें उष्णतामान शून्याखालीं सुमारें ४० अंश सेल्सिअस आहे. म्हणजे आपल्याकडील कडाक्याच्या थंडींतही पेट्रोल पेटावयास सदैव तयार असतें. त्याची वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सरपटत जाते आणि कांहीं हात दूर असलेल्या चुलीपासून, विडीपासून किंवा विजेच्या बटनांतील ठिणगीपासून पेट घेऊन उलट वाटीपर्यंत येते. महसूल खात्याच्या नोकरींत आगीचे पंचनामे वाचण्याचा व लिहिण्याचा प्रसंग मला पुष्कळदां आला. त्यांत कारण म्हणून ‘अकस्मात’ हा शब्द फार वेळां येई. जमिनीवरून चालत जाणारी वाफ डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून अशी आग पाहणारास ती अकस्मात लागली असेंच वाटतें.

रॉकेलची हीच मर्यादा सुमारें ३८ अंश आहे. म्हणून तें पेट्रोलपेक्षां पुष्कळ बरें. तथापि विदर्भ-खानदेशांत वैशाखांत पारा ४२ वा ४४ अंशांवर चढतो, तेव्हां भर दुपारीं रॉकेलही ती मर्यादा ओलांडतें. म्हणून तें वापरावयाचें तर सकाळच्या थंड वेळीं, उघड्यावर, आणि कडब्याच्या गंजीपासून दूर वापरावें. सर्वांत उत्तम उपाय म्हणजे दुकानांत मिळणारें पाण्यांत मिसळणारें द्रावण, ज्यास दुकानदार डीग्रीझर म्हणतात. तेंही न मिळाल्यास कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यांत विरघळवून घ्यावी. साबणाच्या कणाचें एक टोंक तेलास धरतें व दुसरें पाण्यास. म्हणून एरवीं पाण्यास न जुमानणारा तेलकट मळ पाण्याबरोबर वाहून जातो. मात्र कॉस्टिक सोडा कदापि वापरूं नये. इंजिनाचा पुष्कळसा भाग अल्युमिनियमचा असतो. कॉस्टिक त्या धातूस खातें, त्यांतून हायड्रोजन हा जळाऊ वायू सुटतो, आणि हातांची कातडी जळते ती वेगळीच.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम गाडी बंद करून किल्ली खिशांत ठेवावी व इंजिन पूर्ण निवूं द्यावें. तापलेल्या सायलेन्सरवर जळाऊ द्रव उडणें धोक्याचें असतें. हवा ओढण्याचें तोंड व सायलेन्सरचें तोंड प्लास्टिकच्या पिशवीनें बांधून घ्यावें. काम संपल्यावर पिशव्या आठवणीनें काढाव्या. वाळलेला मळ लांकडाच्या चिपेनें खरवडावा. मग द्रावण लावून दहा मिनिटें थांबावें, ब्रशनें घासावें व बेताच्या पाण्यानें धुवावें. पाण्याचा जोरदार झोत चाकाच्या तुंब्यावर मारूं नये. त्यानें बेअरिंगमधील चांगलें ग्रीसही निघून जातें व आंत पाणी शिरतें.

चेन साफ करतांना गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि मागील चाक हातानें फिरवावें. इंजिन चालू करून, गियर टाकून, फिरत्या चेनवर फडकें धरण्याची जी खोड आहे, तींत फडकें चक्रांत ओढलें जातें आणि त्याबरोबर बोटेंही जातात. कांहीं गाड्यांच्या चेनमध्यें रबराचीं बारीक कडीं असतात. पेट्रोलनें व तारेच्या ब्रशनें तीं खराब होतात. तेथें थोडें रॉकेल व मऊ ब्रश वापरून लगेच पुसून घ्यावें. चेन कोरडी झाली म्हणजे ९० नंबरचें तेल थेंब थेंब सोडावें व जास्तीचें पुसून टाकावें. नाहीं तर तेंच तेल उडून टायरवर जातें.

ब्रेक व टायर यांस तेल किंवा रॉकेल यांचा स्पर्शही होऊं देऊं नये. ब्रेकचें गट्टे तेल पितात, आणि एकदां प्यालेले गट्टे बदलणेंच शहाणपणाचें. ब्रेकमधील धूळ तोंडानें किंवा हवेच्या पंपानें फुंकूं नये; जुन्या गट्ट्यांत अॅस्बेस्टॉस असे व त्याचे तंतू फुफ्फुसांस घातक असतात. ती ओल्या फडक्यानें टिपावी. धुतल्यावर प्रथम गाडी हळू चालवून चारदोन वेळां ब्रेक दाबून पाहावे, मगच रस्त्याला लागावें.

सफाई झाल्यावर उरलेल्या वस्तूंची व्यवस्था हा कामाचाच भाग समजावा. तेलकट फडकीं गोठ्यांत वा गंजीजवळ टाकूं नयेत. लांकडास जवसाचें तेल लावलेलें फडकें बोळा करून ठेवलें तर तें आपोआप तापून पेटूं शकतें. म्हणून अशीं फडकीं पसरून वाळवावीं. इंजिनांतील जुनें काळें तेल विहिरीजवळ, ओढ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें तें घातक कचऱ्यांत मोडतें. तें डब्यांत सांठवून, जो मेकॅनिक असें तेल अधिकृत पुनर्वापरासाठीं पाठवितो, त्याच्याकडे द्यावें. हें तेल नेहमीं अंगास लागणें कातडीस अपायकारक आहे; हातमोजे घालावे व हात पेट्रोलनें न धुतां साबणानें धुवावे.

शेवटीं एक गोष्ट घरांतील बायामाणसांसही सांगून ठेवावी. रॉकेल, पेट्रोल वा सफाईचें द्रावण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही ठेवूं नये. तान्हेलें मूल बाटली ओळखतें, आंतील द्रव ओळखत नाहीं. चुकून कोणी प्यालेंच तर ओकारी काढूं नये, कारण ओकतांना तो द्रव फुफ्फुसांत उतरतो. तडक दवाखाना गांठावा. याच कारणास्तव नळी तोंडानें ओढून टाकींतील पेट्रोल काढूं नये. सांडलेलें पेट्रोल पेटलें तर पाणी न मारतां वाळू किंवा माती टाकावी. कपडे पेटल्यास धांवूं नये, जमिनीवर लोळावें. भाजलेल्या भागावर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें व शाई, टूथपेस्ट वगैरे कांहीं लावूं नये.

वाटीभर पेट्रोलनें अर्ध्या तासाचें काम दहा मिनिटांत होतें, हें कबूल. पण वाचलेल्या त्या वीस मिनिटांसाठीं आपले हात, मूल व वर्षभराची वैरण पणास लावूं नये, इतकीच शेतकरी बंधूंस विनंति आहे.