पूल नवा, नदी तीच

आपल्या बेळगावकडच्या माणसाला कारवारच्या दोन वाटा ठाऊक असतात. एक खानापूर, जोयडा, अणशी घाट आणि कद्रा करत सदाशिवगडाला उतरते. दुसरी चोर्ल्याच्या घाटातून गोव्यात शिरते आणि मडगाव, काणकोण, पोळे, माजाळी करत तिथेच येते. पुढे काळी नदीचे मुख आडवे येते. अलीकडे सदाशिवगड, पलीकडे कोडीबाग आणि कारवार शहर. नदी ओलांडल्याशिवाय लग्नाला जाता येत नाही, बारशाला जाता येत नाही आणि दवाखान्यातही जाता येत नाही.

या दोन तीरांना जोडणारा पूल 1983 साली वाहतुकीला खुला झाला. 7 ऑगस्ट 2024 रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर तो कोसळला. पुलावरचा एक ट्रक नदीत पडला. चालकाला भर काळोखात, पावसाळी पाण्यातून जिवंत बाहेर काढले गेले. चौपदरीकरणात शेजारी बांधलेला नवा पूल शाबूत राहिला म्हणून कारवार तुटले नाही. दोन्ही बाजूंची वाहने त्याच पुलावर वळवण्यात आली. जुना पूल जेमतेम 41 वर्षांचा होता. माणसाच्या हिशोबाने ऐन कर्तेपणाचे वय.

असे काही घडले की सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी येते: नवा पूल लवकर बांधा. मागणी रास्तच आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्या गेल्या. तिथे नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे मनावर घेतले तर आपल्याकडे पूल झटपट होतो. पण खाडीवरचा पूल बदलताना आणखी एक काम असते. ते कागदावर चालते आणि घरातले कोणी ते कागद वाचत नाही. ते म्हणजे पर्यावरणाची तपासणी. या घाईत ती नुसती शिक्का मारण्यापुरती उरू नये, एवढ्यासाठी हा लेख.

'जुन्याच्याच जागी नवा' म्हणजे तपासणी नको?

बऱ्याच जणांना वाटते की पूल होताच, आता दुसरा होणार, त्यात नदीला नवे काय? कायदाही थोडा तसाच चालतो. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत महामार्ग येतात. पण 2013 च्या दुरुस्तीनंतर असलेल्या महामार्गाचे रुंदीकरण 100 किलोमीटरहून लांब असेल आणि त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे जादा जागा लागत असेल, तरच ते सविस्तर अभ्यासाच्या आणि जनसुनावणीच्या कक्षेत येते. एकटा पूल त्यात सहसा बसत नाही. त्यामुळे मांडव घालून, जिल्हाधिकाऱ्यांसमोर माइक हातात घेऊन बोलण्याची संधी अशा कामात बहुधा मिळत नाही.

उरतो तो किनारपट्टी नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा कायदा. पहिली अधिसूचना 1991 ची, दुसरी 2011 ची आणि आताची 18 जानेवारी 2019 ची. हा कायदा फक्त समुद्राच्या वाळूपुरता नाही. भरतीचे पाणी नदीत जिथवर चढते आणि ऐन उन्हाळ्यात पाण्याचा खारटपणा हजार भागांत 5 भाग असतो, तिथवर तो नदीच्या काठाने आत जातो. काळीचे मुख त्यात पुरते येते. कांदळवन आणि चिखलाची पुळणी सगळ्यात कडक वर्गात, नदीचे पाणी वेगळ्या वर्गात. पाण्यात खांब रोवायचा तर राज्याच्या किनारपट्टी व्यवस्थापन प्राधिकरणासमोर भरतीरेषा दाखवणारा 1:4000 प्रमाणाचा नकाशा ठेवावा लागतो. कांदळवनातून रस्ता नेणे अपवाद म्हणूनच मान्य होते आणि जेवढे कांदळवन जाईल त्याच्या किमान तिप्पट लावावे लागते.

पुलाखाली काय चालते

काळी उगवते जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ आणि सुमारे 184 किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वाटेत सुपा, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणे. म्हणजे मुखाशी येणारे पाणी धरणांच्या दारांनी मोजून सोडलेले असते. पावसाळ्यात कद्र्याची दारे उघडली की वरून लोंढा येतो, खालून भरती चढते आणि दोन्हींच्या मध्ये पूल उभा असतो.

नदीत खांब उभे केले की पाण्याची वाट अरुंद होते. दोन खांबांमधून पाणी जोरात जाते आणि खांबाच्या पायाशी वाळू उकरली जाते. उकरलेली वाळू आडोशाला जाऊन बसते. जुना पूल चाळीस वर्षे उभा असताना नदीने त्याच्याभोवती आपला गाळ मांडून घेतलेला असतो. त्याचे खांब काढले, शेजारी वेगळ्या अंतरावर नवे रोवले, की ती मांडणी पुन्हा बदलते. कालपर्यंत जिथून होडी जात होती तिथे उथळ होते, आणि जिथे उथळ होते तिथे काठ ढासळतो. म्हणून 'जुन्याच्या जागी नवा' हे शब्द कागदावर निरुपद्रवी दिसले तरी नदीला ते दोन पुलांचे काम आहे: एक पाडायचा आणि एक बांधायचा.

बांधकामाच्या काळातली बाधा आणखी वेगळी. यंत्रे खांबापर्यंत नेण्यासाठी दगडमातीचा भराव नदीत टाकतात. खोल भोके पाडताना त्यांच्या भिंती ढासळू नयेत म्हणून बेंटोनाइट नावाच्या मातीचा पातळ काला वापरतात. तो नीट अडवला नाही तर पाण्यात जातो. पाणी गढूळ झाले की मासा पळून जातो. पण तिसऱ्या, खुबे, कालवे पळू शकत नाहीत. जागच्या जागी गाळाखाली गुदमरतात. कुमठ्याकडे ज्याला बळचू म्हणतात, ती सारी शिंपली खाडीतल्या बायकांची रोजची मिळकत आहे. तिला ना होडी लागते ना डिझेल. गुडघाभर पाण्यात ओहोटीला उतरायचे आणि वाकून वेचायचे. सरकारी तक्त्यात मासेमारी म्हणजे ट्रॉलर आणि टन; बाईच्या टोपलीला तिथे रकाना नसतो. ज्याची नोंद नाही, त्याचे नुकसानही नाही.

आणि पूल पडला तो कशाने, हाही एका अर्थाने पर्यावरणाचाच प्रश्न आहे. खाऱ्या हवेतले क्लोराइड सिमेंटमधून झिरपत आतल्या सळईपर्यंत पोचते. सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. काळीच्या पुलाचे नेमके कारण ठरवणे तज्ज्ञांचे काम. पण खाडीवरच्या प्रत्येक पुलाला हा रोग जडतोच. गोव्यात मांडवीचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला आणि पणजीकर कित्येक वर्षे फेरीबोटीवर आले. जुवारीच्या जुन्या पुलावर अवजड वाहनांना बंदी घालावी लागली. 2022 च्या डिसेंबरात नव्या पुलाचा पहिला भाग खुला झाला तेव्हा लोकांनी श्वास सोडला. नदीचा अभ्यास पुलाच्या आड येत नाही, तो पुलाचेही आयुष्य वाढवतो, ते असे.

सासूबाईंचा प्रश्न

आमच्या सासूबाईंचे माहेर सदाशिवगडचे. पूल होण्याआधी तरीतून कोडीबागला जाताना पोरे, भाजीच्या पाट्या आणि कोंबड्या एकाच फळीवर कशा बसत, हे त्या अजून सांगतात. गेल्या खेपेला त्यांच्यासोबत गेले होते तेव्हा बाजारात तिसऱ्या विकणाऱ्या त्यांच्या ओळखीच्या बाईंशी बोलणे झाले.

"पूल हवाच गो," त्या म्हणाल्या, "माझी लेक पलीकडेच दिलेली आहे. पण नदीत माती टाकतात ती काम झाल्यावर परत काढतात काय?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. "तू शिकलेली ना, सांग तिला."

मी सांगितले की परवानगीच्या अटींत तसे लिहिलेले असते. त्यावर त्यांनी विचारले, "लिहिलेले कुठे वाचायला मिळते? कुठल्या भाषेत?" भरावाच्या प्रश्नाइतकाच मला हा प्रश्न मोलाचा वाटला.

'परिसर' आणि 'अहवाल'

हे कागद बहुतेक इंग्रजीत असतात, जाहिराती आणि नोटिसा कन्नडमध्ये. नदीवरची माणसे कोंकणी बोलतात, देवळात मराठी भजन म्हणतात. इथे आपल्यासारख्या दुभाषी घरांचा उपयोग होतो. आपण दोन्हीकडचे शब्द जाणतो आणि कुठे फसगत होते हेही जाणतो.

मराठीत परिसर म्हणजे आजूबाजूची जागा. कन्नडमध्ये 'परिसर' म्हणजेच पर्यावरण. मराठीत अहवाल म्हणजे पाहणी करून लिहिलेला वृत्तांत. कन्नडमध्ये 'अहवालु' म्हणजे गाऱ्हाणे, आणि वृत्तांताला म्हणतात 'वरदि'. तेव्हा 'अहवालु सभे' अशी नोटीस दिसली तर तिथे कोणी तरी अहवाल वाचून दाखवणार आहे असे समजून घरी बसू नका. तिथे आपले गाऱ्हाणे ऐकले जाणार असते. 'आक्षेपणे' म्हणजे आपला आक्षेपच, आणि 'कांडला' म्हणजे आपले कांदळ. आमच्या घरात मुलांची शाळा कन्नड आणि जेवणाच्या पानावरची भाषा मराठी. अशा घरातल्या कॉलेजातल्या मुलाने सुट्टीत आजोळी गेल्यावर एक इंग्रजी कागद आजीला समजावून सांगितला तर ते समाजकार्यच आहे.

मग काय विचारायचे?

जनसुनावणी नसली तरी दारे बंद नसतात. किनारपट्टी प्राधिकरणाने बैठकीची विषयपत्रिका, इतिवृत्त आणि मंजुरीपत्रे संकेतस्थळावर ठेवायची असतात. मिळाली नाहीत तर 2005 चा माहितीचा अधिकार आहे. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करायचे तर मुदत 30 दिवसांची. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. कर्नाटकासाठी खंडपीठ चेन्नईला, तर पोळ्याच्या सीमेपलीकडच्या गोव्यासाठी पुण्याला. नदीकाठच्या माणसाला दोन्ही दूरच. म्हणून प्रश्न मंजुरीच्या आधीच, गावपातळीवर विचारलेले बरे.

जुन्या पुलाचे खांब नदीच्या तळापर्यंत काढणार की पाण्याखाली थोटके ठेवणार? राडारोडा कोणत्या जागी नेणार? भराव कोणत्या तारखेपर्यंत काढणार आणि काढला हे कोण पाहणार? 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात, जेव्हा मासा अंडी घालतो, तेव्हा पाण्यातले काम थांबणार का? तिप्पट कांदळवन कुठे लावणार, आणि तीन वर्षांनी त्यातले किती जगले हे मोजणार का? शिंपली वेचणाऱ्या बायकांची नावे बाधितांच्या यादीत घेतली का? भरपाई द्यायची तर कोणत्या हंगामाच्या मिळकतीवरून?

यातला एकही प्रश्न पूल अडवणारा नाही. सगळ्यांची उत्तरे अभियंत्यांना देता येण्याजोगी आहेत, आणि काम सुरू होण्याआधी विचारली तर त्यांना खर्चही फारसा नाही. काम संपल्यावर विचारली तर मात्र उत्तर ठरलेले असते: कंत्राटदार निघून गेला.

शेवटची गोष्ट दोन तारखांची. सीआरझेड मंजुरी मिळालेल्या प्रत्येक कामाला, अटी पाळल्या की नाही याचा अहवाल, म्हणजे कन्नडमधली 'वरदि', वर्षातून दोनदा द्यावा लागतो आणि तो लोकांसाठी खुला ठेवावा लागतो: 1 जून आणि 31 डिसेंबर. नदीकाठी ज्यांचे आजोळ, माहेर किंवा सासर आहे, त्यांनी घरच्या दिनदर्शिकेवर या दोन तारखांना खूण करून ठेवावी, तो कागद मागून घ्यावा आणि घरच्या भाषेत वाचून दाखवावा.